इलेक्ट्रिक सायकल जुनी होते तेव्हा

नवी इलेक्ट्रिक सायकल घेतली की भेटेल तो एकच विचारतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" जुन्या सायकलवाल्याला हे कुणी विचारत नाही. माझी सायकल आता मळकी झाली आहे, कॅरिअरला दोरी गुंडाळलेली असते, फ्रेमवरची अक्षरं निम्मी उडाली आहेत, आणि हिच्यात मोटर आहे हे बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. गंमत अशी, की त्या प्रश्नाचं धड उत्तर मला आता कुठे देता येतं. घेतली तेव्हा मी कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगत होते.

आधी सायकल कशी आहे ते सांगते. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, २५० वॅटची मोटर. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी, खालच्या दांडीवर किल्लीने बसते आणि निघते. मागे सात गिअर, पुढे एकच चक्र, दोन्ही चाकांना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. बॅटरीसकट वजन तेवीस किलोच्या आसपास. सेन्सर अगदी साधा आहे. पॅडल फिरतंय की नाही एवढंच त्याला कळतं, मी जोर किती लावते आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मल्टिमीटर कायम हाताशी, आणि दिसेल त्याला तो लावून बघायची खोड. पुढे आकडे जास्त झाले तर दोष त्या खोडीचा.

इतकी वर्षं वापरून माझं मत असं झालं आहे, की इलेक्ट्रिक सायकल ही एक वस्तू नाहीच. एक सायकल आहे, जिची चेन, ट्यूब, छर्रे, ब्रेकच्या तारा कुठेही मिळतात आणि कुणीही बदलून देतं. तिच्या अंगावर एक विजेचं उपकरण बसवलेलं आहे, आणि त्याचं वय तुम्ही वापरा न वापरा, वाढतंच. सायकल किती वर्षं चालेल हे शेवटी त्या उपकरणाचं झाकण कुणाला उघडता येतं यावर ठरतं. घेताना मात्र आपण मोटर किती वॅटची, डिस्प्ले रंगीत आहे का, हे बघत बसतो.

आता बॅटरी, कारण लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर, एवढी शिदोरी घेऊन सायकल निघते. विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर, तेव्हा ही पाऊण युनिटही नाही, अर्ध्या युनिटच्याही आत. चार्जरमधली गळती धरूनसुद्धा भिंतीतून घेतलेली वीज अर्धं युनिट भरत नाही. सपाट रस्त्याला मी किलोमीटरमागे नऊ-दहा वॅट-अवर खर्च करते, वारा तोंडावर असेल किंवा चढ असतील तर पंधराच्या वर. म्हणजे छत्तीस किलोमीटर, नाहीतर चोवीस. त्याच बॅटरीवर साठ किलोमीटरचा दावा कुणी करत असेल तर किलोमीटरला सहा वॅट-अवर लागले पाहिजेत. तेही शक्य आहे. बसणारा हलका हवा, मोटरची मदत सगळ्यात खालच्या पायरीवर हवी, आणि उरलेलं काम त्याच्या पायांनी करायला हवं. दावा खोटा नसतो, तो फक्त तुमचा नसतो.

वेगाचा हिशोब सगळ्यात महाग पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी वीसऐवजी पंचवीसने गेलं, तर हवेला बाजूला सारायला दर किलोमीटरला दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. वाचणारा वेळ मोजला तर दहा किलोमीटरमागे सहा मिनिटं. हे एकदा कागदावर मांडून पाहिल्यापासून मी मदतीची पायरी तीनच्या वर नेत नाही. घाई असली की नेते, खोटं कशाला बोलू.

बॅटरी जुनी होते म्हणजे काय होतं? माझी समजूत होती की पस्तीस किलोमीटर जाणारी सायकल हळूहळू तीस जाईल, मग पंचवीस, आणि आपल्याला ते आकड्यात दिसेल. प्रत्यक्षात पहिली तक्रार अंतराची नव्हतीच. कॉलेजच्या वाटेवर एक चढ आहे, त्याच्या मध्यावर मोटर बंद पडायला लागली. पडद्यावर दोन काड्या शिल्लक दिसायच्या, चढाला लागलं की एक, मग एकही नाही, मग सगळं अंधारून जायचं. वर पोचून बटण दाबलं की पुन्हा दोन काड्या हजर. घरी आणून मीटर लावला तर बॅटरी ३५ व्होल्ट दाखवते आहे, म्हणजे रिकामी अजिबात नाही.

नळाला पाणी आहे पण प्रेशर नाही, अशातली ही गत. बॅटरीतले सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरला, तर कंट्रोलरने, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला मोजून देणाऱ्या सर्किटने, १५ अँपिअर ओढले की दीड व्होल्ट आतल्या आत खर्ची पडतो. तोच रोध ०.३ ओहमवर गेला, की साडेचार व्होल्ट पडतात. ३५ मधून साडेचार गेले, राहिले साडेतीस. ३६ व्होल्टचे कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टच्या आसपास हात वर करतात, कारण त्याखाली सेलला इजा होते. चढ संपला, करंट उतरला, व्होल्टेज परत वर. काड्या खोटं बोलत नव्हत्या. त्या फक्त त्या क्षणाचं व्होल्टेज दाखवत होत्या आणि मी त्यांना टाकीतलं पेट्रोल समजत होते, जसं सगळेच समजतात.

यावर तात्पुरता उपाय सोपा आहे: कमी करंट मागायचा. चढाच्या आधीच गिअर हलका करायचा, मदत एक पायरी खाली आणायची आणि पायांनी हातभार लावायचा. एवढं केल्यावर त्याच बॅटरीने आणखी बराच काळ मला बिनतक्रार वर नेलं. साध्या सेन्सरच्या सायकलवर नुसते पाय फिरवत बसायची सवय लागते, ती जुन्या बॅटरीने मोडली.

सेल दोन कारणांनी म्हातारे होतात. एक वापराने. सायकलच्या बॅटऱ्यांना साधारण ५०० ते १००० पूर्ण चक्रं सांगतात, आणि पूर्ण चक्र म्हणजे शंभर टक्के वापर, मग तो एका दमात असो की चार दिवसांत पंचवीस-पंचवीस टक्क्यांनी. दुसरं कारण नुसत्या काळाने, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. बॅटरी कपाटात ठेवली तरी तिचं वय होतं. उष्णता असेल तर लवकर होतं, आणि ती पूर्ण भरलेली असेल तर आणखी लवकर. भरलेली बॅटरी उन्हात तापलेल्या ठिकाणी महिनोन्महिने पडून राहणं, यापेक्षा वाईट तिच्यासाठी फार थोडं आहे. थंडीचं उलट. थंडीत ती कमी देते, पण ऊब आली की परत पूर्वीसारखी होते. शून्य अंशाखालच्या बॅटरीला चार्ज मात्र करायचं नाही. आत लिथियमचा धातूच्या रूपात थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

म्हणून माझे नियम असे झाले. रोज शंभर टक्के भरायची नाही, दुसऱ्या दिवसापुरती भरली की पुरे. भरायचीच असेल तर निघण्याच्या आधी, आदल्या संध्याकाळी नाही. सुट्टीला जाताना निम्म्यावर ठेवायची. पण अधूनमधून मुद्दाम पूर्ण भरायची, हिरवा दिवा लागल्यावरही थोडा वेळ लावून ठेवायची, कारण साध्या बॅटऱ्यांमधलं संरक्षक सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, सेलच्या दहा गटांचं व्होल्टेज एकसारखं करायचं काम बहुधा भरण्याच्या अगदी शेवटीच करतं. कधीच पूर्ण भरली नाही, तर एखादा गट मागे पडत जातो आणि मग त्या एका गटापायी सगळी बॅटरी लवकर बंद होते.

आणि मी जागी असताना, घरात असतानाच चार्जिंग. भाचा राहायला आला होता, म्हणाला, "मावशी, रात्री लावून झोप ना सरळ. सकाळी फुल. मोबाइल नाही का लावत आपण?"

"मोबाइलमध्ये एक सेल असतो रे. हिच्यात चाळीस आहेत."

त्याला ते अति वाटलं, आणि चांगल्या बॅटरीला चांगला चार्जर लावला असेल तर आग लागण्याची शक्यता कमीच आहे हेही खरं. पण एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्याला तापवतो, आणि ती आग पसरते फार वेगाने. धूरही विषारी असतो. त्यामुळे जिना किंवा बाहेर पडायचं दार अडेल अशा जागी मी बॅटरी लावत नाही. पडलेली, फुगलेली, आत पाणी गेलेली किंवा चार्ज होताना नेहमीपेक्षा जास्त तापणारी बॅटरी तर लावायचीच नाही. चार्जर त्याच बॅटरीचा हवा. प्लग बसतो म्हणून ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ३६ च्या बॅटरीला लावणारे लोक मी पाहिले आहेत. पहिला ५४.६ व्होल्टपर्यंत जातो, दुसरीला ४२ च्या वर नको असतं. पुढचं सांगायला नको.

मोटरबद्दल थोडक्यात आटोपते, कारण तिने मला लिहायला काही दिलंच नाही. घेताना सगळ्यात जास्त धास्ती हिचीच होती. हबमधली मोटर आत गरगर फिरते, चाकाच्या साधारण पाचपट वेगाने, आणि छोट्या ग्रहमाला-गिअरमधून तो वेग कमी होऊन चाकाला मिळतो. या गिअरचे दाते पुष्कळदा नायलॉनचे असतात, म्हणून ती बारीक गुणगुणते, किंचाळत नाही. आवाज कोरडा वाटायला लागला तेव्हा एकदा उघडून ग्रीस भरून घेतलं, बस्स. ज्यांच्या मोटरमध्ये गिअर नसतात, थेट चाकच फिरतं, त्यांना तेवढंही करावं लागत नाही. पण त्यांच्या मोटरमधले चुंबक बॅटरी संपल्यावर पाय मारताना अडवतात. माझ्या मोटरमध्ये एकाच बाजूला पकडणारा क्लच आहे, वीज नसली की चाक मोकळं फिरतं. सायकल तेवीस किलोची असते हे विसरता आलं, तर बॅटरी संपणं काही मोठं संकट नाही.

मोटर गेली असं वाटलं, असे प्रसंग मात्र आले, आणि प्रत्येक वेळी चोर दुसराच निघाला. एकदा ब्रेकच्या मुठीत असलेला स्विच. ब्रेक दाबला की मोटर तोडायची हे त्याचं काम. मूठ धुळीने जड झाली होती आणि पूर्ण परत येत नव्हती, म्हणून सायकलला वाटत होतं मी सतत ब्रेक दाबून बसले आहे. एकदा पॅडलजवळच्या सेन्सरची चुंबकांची चकती सरकून लांब गेली होती. आणि एकदा सायकल उजव्या अंगावर पडल्यावर मोटर आचके देत, घरघरत सुरू व्हायला लागली. तिथे आसाच्या टोकातून मोटरची केबल बाहेर येते आणि पडल्यावर मार नेमका तिच्यावर बसतो. त्या एका केबलमध्ये नऊ तारा असतात. तीन जाड तारा मोटर फिरवायला, पाच बारीक हॉल सेन्सरच्या, आणि एक वेग मोजायला. हॉल सेन्सर तीन असतात, मोटरचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, कुठल्या जागी आहे ते कंट्रोलरला सांगतात. त्यातला एक गप्प झाला, की मोटरला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

हे तपासायची एक खुबी आहे. सेन्सरच्या तारेला मीटर लावून चाक हाताने फिरवलं की शून्य आणि पाच व्होल्ट असं आलटून पालटून दिसायला हवं. पण आत क्लच असलेली मोटर असेल, तर चाक उलटं फिरवायचं. सरळ फिरवलं तर क्लच सुटतो, आतली मोटर जागची हलत नाही, आणि चांगला सेन्सर मेलेला दिसतो. माझा एक सेन्सर सांध्यापाशीच तुटला होता. तार जोडली, पिन साफ केल्या, झालं.

पावसाने मोटरला काही झालं नाही. कनेक्टरला झालं. पाणी तारेवरून वाहत खाली येतं आणि वाटेत जो सांधा लागेल त्यात शिरतं. त्यामुळे प्रत्येक केबल सांध्याच्या खाली लोंबेल असा एक झोल ठेवायचा, म्हणजे थेंब तिथून गळून पडतात. सायकल ओल्या फडक्याने पुसायची, जोराच्या फवाऱ्याने कधीही धुवायची नाही. बॅटरीच्या चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी फाटणारा भाग. तो आपल्या हाताने करून बसवायला लागतो.

खरा त्रास दिला तो मागच्या चाकाने. तेही विजेच्या नव्हे, सायकलच्या भागाने.

हबमध्ये मोटर बसवली की हब थाळीएवढा रुंद होतो आणि स्पोक आखूड होतात. आखूड स्पोक एकमेकांवरून ओलांडून विणले, तर ते रिममध्ये तिरके शिरतात. निपलपाशी, म्हणजे रिमकडच्या टोकाला, किंवा हबकडच्या वळणावर त्यांना सतत वाकण्याचा ताण बसतो. त्यात मोटरचं वजन मागे, माझं वजन मागे, कॅरिअरवरची पिशवीही मागे. खड्ड्यातून गेलं की दणका थेट तिथे. पहिला स्पोक तुटला तेव्हा मी तो बदलून घेतला. मग दुसरा, शेजारचाच. एक तुटला की त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर येतो, आणि तेही तितकेच जुने असतात. एकेक बदलण्यात अर्थ नाही हे मला सायकल दुरुस्त करणाऱ्या दादांनी सांगितलं, स्वतःचं नुकसान करून म्हणायला हरकत नाही. "ताई, सगळ्या तारा सैल आहेत तुमच्या. ताण नाही म्हणून तुटतात. लोकांना वाटतं घट्ट तार तुटते, तुटते सैल तार."

अगदी बरोबर आहे ते. सैल स्पोक प्रत्येक फेऱ्याला ताणला जातो आणि ढिला पडतो, आणि धातू वाकून वाकून थकतो तसा तो थकतो. त्यांनी सगळेच स्पोक नवे घातले, दोनदोनदा ओलांडण्याऐवजी एकदाच ओलांडून विणले, चाकाचा आऊट काढला, थोडं चालवून आणा म्हणाले आणि परत एकदा ताण दिला. तेव्हापासून मागच्या चाकाची तक्रार नाही. तुमची सायकल हब-मोटरची असेल, तर महिन्यातून एकदा स्पोकच्या जोड्या हाताने दाबून बघा. सगळ्या सारख्याच कडक लागल्या पाहिजेत. बोटाने छेडल्यावर एखादाच बद्द वाजला, तर त्याची चौकशी करा.

पंक्चर हा दुसरा अध्याय. साध्या सायकलचं मागचं चाक काढणं म्हणजे दोन नट. इथे केबलचा कनेक्टर सोडा, ती बांधलेल्या पट्ट्या कापा, मोठा पाना घ्या, आसाच्या चपट्या बाजूंना धरून ठेवणारे खाचेचे वॉशर कुठल्या बाजूला कसे होते ते लक्षात ठेवा. ते वॉशर महत्त्वाचे आहेत. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आसाला तितक्याच जोराने मागे पिळते. वॉशर उलटा बसला किंवा नट ढिला राहिला, तर आस खाचेतून फिरतो आणि केबल पिळून तोडतो. म्हणून रस्त्यात पंक्चर झालं तर मी चाक काढतच नाही. सायकल आडवी करायची, केबलची बाजू वर ठेवून. टायरची एक कड रिममधून काढायची, ट्यूब तेवढ्यापुरती बाहेर ओढायची, ठिगळ लावायचं, आत ढकलायची. काटा टायरमध्येच राहिलेला नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. दोन्ही टायर जाड पोटाचे घेतल्यापासून हा उद्योग क्वचितच करावा लागतो, थोडं जड चालतं तेवढंच.

चेन, ब्रेक हे सगळ्या सायकलींना असतं, पण इथे थोडं लवकर झिजतं. वजन जास्त, सरासरी वेग जास्त, म्हणजे ब्रेकला थोपवायला ऊर्जाही जास्त. पॅडचा थर संपून धातू चकतीला लागला की चकतीही जाते, म्हणून मी पॅड बघण्यात कुचराई करत नाही. चेन मोजायला बारा इंची पट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस पिनांची अंतरं बारा इंच भरतात. तेच बारा आणि एक सोळांश इंच झालं, की अर्धा टक्का झीज झाली, बदलायची वेळ. माझी मोटर चाकात असल्यामुळे तिचा जोर चेनमधून जात नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याची मोटर पॅडलच्या मध्यात आहे. चढावर त्याची सायकल माझ्या सायकलला हसते, कारण तिला गिअरचा फायदा मिळतो. पण त्याचा आणि मोटरचा मिळून सगळा जोर त्या एका चेनवर. तो चेन माझ्यापेक्षा बऱ्याच लवकर बदलतो आणि त्याबद्दल बोलायला त्याला आवडत नाही.

"ही काय सायकल चालवणं झालं?" असं म्हणणारे भेटतात. साधा माणूस तासभर सलग ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. मी आणि सायकल मिळून ८५ किलो, सहा टक्क्यांचा चढ, ताशी बारा किलोमीटर, तर नुसती उंची गाठायलाच १६५ वॅटच्या आसपास लागतात. हा फरक मोटर भरते. ती नसती तर मी घामाघूम होऊन कॉलेजात पोचले असते, आणि आठवडाभरात गॅलरीत सायकलवर कपडे वाळत घालायला लागले असते. इतकी वर्षं रोज पाय हलले, ते मोटरमुळेच. हा वाद मी इथेच सोडते.

आता नव्या बॅटरीची गोष्ट. एक दिवस आला, की हलका गिअर, खालची पायरी, सगळं करूनही चढ जमेना आणि सपाटीवरही अंतर निम्म्यावर आलं. क्षमता ऐंशी टक्क्यांखाली गेली की बॅटरी संपली असं पुस्तकी गणित मांडतात. मी तिला त्याच्या कितीतरी खालपर्यंत वापरली होती. ज्या कंपनीची सायकल तिच्याकडे विचारलं, तर या आकाराची पेटी आता बनत नाही म्हणाले. सायकल धडधाकट, मोटर ठणठणीत, आणि एका प्लॅस्टिकच्या पेटीच्या आकारामुळे सगळं भंगारात? इथे मला खरोखर राग आला.

बघा, मागच्या चाकात मोटर बसवायची कल्पना नवी नाही. ऑग्डन बोल्टन ज्युनिअर याला तिचं अमेरिकन पेटंट १८९५ च्या ३१ डिसेंबरला मिळालं. ती कल्पना रखडली ती बॅटरीपायी. शिशाच्या बॅटऱ्यांचं वजन उचलण्यातच बरीच ताकद जायची. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आले, यामाहाने १९९३ मध्ये पायांच्या जोराला मोटरची जोड देणारी सायकल विकायला काढली, आणि पुढे हलके सेल सायकलवर आल्यावर गाडी सुरळीत लागली. माझ्या बॅटरीतल्या सेलचा आकार ठरलेला आहे, १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणूनच नाव १८६५०. ते कितीतरी कारखान्यांत बनतात. अडतं ते भोवतीच्या कवचापाशी.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. दुसऱ्या कुणाची नवी बॅटरी घेऊन तिच्यासाठी फ्रेमला नवी पकड बसवायची. जुनी वापरलेली मूळ बॅटरी शोधायची, जी माझ्या बॅटरीएवढ्याच वयाची असणार, म्हणजे व्यर्थ. किंवा त्याच कवचात नवे सेल भरून घ्यायचे. मी तिसरी वाट धरली. हे काम घरी करायचं नाही, हे मीटर हातात धरणारी बाई म्हणून सांगते. सेल निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आत जाते आणि त्याला दुखावते. हात घसरून पट्टी चुकीच्या जागी टेकली, तर मध्ये थांबवायला स्विच नसतो. बॅटऱ्या बांधणाऱ्या माहीतगार माणसाकडे गेले. त्याने आधी बीएमएस तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कंट्रोलरशी बोलतं का?"

बोलत नव्हतं. हेच माझं नशीब. काही सायकलींमध्ये बॅटरीचं सर्किट कंट्रोलरशी सांकेतिक निरोपांची देवाणघेवाण करतं, आणि सेल काढले की ते कायमचं कुलूप लावून बसतं. माझी सायकल इतकी साधी, की तिला दोन तारांवर योग्य व्होल्टेज मिळालं की पुरे. दहा गट, प्रत्येकात चार सेल. आधी २५०० मिलिअँपिअर-अवरचे होते, आता ३००० चे घातले, म्हणजे ३६० ऐवजी ४३२ वॅट-अवर, त्याच पेटीत. बीएमएसही नवं घातलं. माणसाने प्रत्येक सेल आधी मोजला, एकाच खेपेचे निवडले आणि मोजमापांचा कागद हातात दिला. असा कागद देत नसेल त्याच्याकडे जाऊ नका. जुने सेल त्यानेच ई-कचऱ्यात पाठवले. कचऱ्याच्या डब्यात लिथियम सेल टाकू नये, गाडीत दाबला गेला की पेटतो.

युरोपियन संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी नियमावलीत एक कलम आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या, आणि त्यांच्या आतले सेलसुद्धा, कुठल्याही स्वतंत्र व्यावसायिकाला काढता आणि बदलता आले पाहिजेत. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्याकडे जुनी इलेक्ट्रिक सायकल असणार, अशी माझी खात्री आहे.

त्यामुळे आता कुणी सायकल घ्यायची म्हणून सल्ला विचारला, तर मी रेंजबद्दल बोलत नाही. बॅटरीच्या पेटीला स्क्रू आहेत की ती चिकटवलेली आहे? डिस्प्ले, कंट्रोलर, चार्जर सुटे मिळतात का? दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर लावला तर मोटर ऐकेल का? चाकाचा आकार नेहमीचा आहे ना? विकणारे या प्रश्नांनी बावरतात. एकाने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला सायकल चालवायची आहे की उघडायची आहे?" दोन्ही, म्हटलं.

नवे सेल आल्यापासून तो चढ पुन्हा तिसऱ्या पायरीवर निघतो. सध्या डिस्प्लेचं वरचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, आतली रबरी कळ झिजली असावी. ते पुढच्या रविवारी उघडणार आहे.